वांव, फळी आणि आकड्यांचे रीळ

गेल्या हिवाळ्यात कॅनडाहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुला गरवण्यातलं कळतं ना? लाइन काउंटरवाली दोन रिळं घ्यायचीत. प्लेनर बोर्ड लावून ट्रोलिंग करायचंय. कुठलं रीळ भरवशाचं, सांग बघू." तो कोकणीत विचारत होता, मी ते इथे मराठीत लिहितो आहे. आमच्या घरांत ही सोय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्याचे कुणाला काही वाटत नाही. भाचा मिसिसागाला असतो. टोरांटोच्या शेजारच्या या शहरात गोंयकारांची बरीच वस्ती आहे आणि शहराच्या उंबरठ्यावरच लेक ऑन्टारिओ. तिथल्या पोर्ट क्रेडिट बंदरातून सॅमन पकडायला हौशी लोकांना घेऊन होड्या सुटतात. एकदोनदा तो तसा जाऊन आला आणि त्याला नाद लागला.

"मला यातले काही कळत नाही" हे भाच्याला सांगणे मामाच्या जिवावर येते. "बघून सांगतो" म्हणालो आणि वाचायला बसलो. दोन महिने वाचत होतो. रिळाची चौकशी करता करता अख्ख्या सरोवरांचा इतिहास हाती आला, तोच आज सांगतो आहे.

आमच्या लहानपणी शापोऱ्याच्या काठावर गरवायला जायचो तेव्हा रीळ नावाची वस्तूच नव्हती. लाकडाच्या तुकड्याला किंवा रिकाम्या डब्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसे आणि गरी. किती दोरी सोडली हे कळायला एकच माप, वांव. दोन्ही हात पसरून छातीसमोर दोरी ताणली की एक वांव. होडीतली जाणती माणसे "तीन वांवांवर आहे रे" एवढेच म्हणत, की बाकीचे तेवढी दोरी मोजून सोडत. माप प्रत्येकाच्या अंगावरच असे, आणि म्हणूनच प्रत्येकाचे वेगळे असे. थोराड माणसाचे तीन वांव आणि माझ्यासारख्या दहा वर्षांच्या पोराचे तीन वांव यांत कितीतरी हातांचा फरक. पण माझ्या तीन वांवांवर एकदा मासा लागला की पुढच्या खेपेला माझ्याच तीन वांवांवर सोडले तर चालून जाई. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

इंग्रजांचा फॅदम हा शब्द मुळात पसरलेल्या हातांचाच आहे आणि पोर्तुगिजांचा ब्रासा हाही 'ब्रासु' म्हणजे हात यावरून आलेला. तिन्ही भाषांतल्या दर्यावर्द्यांनी एकच मोजपट्टी वापरली, ती म्हणजे स्वतःचे अंग. दों जुआंव द कास्त्रो, जो पुढे १५४५ साली गोव्याचा गव्हर्नर होऊन आला, तो १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत आरमारासोबत गेला आणि वाटेतल्या खाड्या, बंदरे, खडक यांची नोंद करून त्याने एक मार्गदर्शिका लिहिली. आपल्या किनाऱ्यावरच्या पाण्याची खोली त्यात ब्रासांत येते. दोरीला शिसे बांधून तळ चाचपायचा आणि हाताने मोजायचे, एवढीच त्यामागची यंत्रसामग्री.

पण तळ जागचा हलत नाही. शिसे टेकले की हाताला कळते. मासा जेव्हा तळाशीही नसतो आणि वरही नसतो, शेदीडशे फूट पाण्यात मध्येच कुठेतरी अधांतरी असतो, आणि दोरी सरळ खाली न जाता चालत्या होडीमागे तिरकी ओढली जात असते, तेव्हा हाताचा अंदाज संपतो. ट्रोलिंग म्हणजे नेमके हेच. होडी मंद चालवायची आणि मागे दोरीला नकली मासा बांधून ओढत न्यायचा. आपल्याकडचे ट्रॉलर करतात ते ट्रॉलिंग वेगळे, ते जाळ्याचे. दोन्ही शब्द देवनागरीत इतके जवळ येतात की भाच्याशी बोलताना पहिली पाच मिनिटे मी समजत होतो की हा पोरगा तिथे ट्रॉलर विकत घेतो आहे. (इंटरनेटवर भांडणे उकरून काढणाऱ्यांना ट्रोल म्हणतात तेही आमिष ओढत नेण्याच्या याच प्रकारावरून आले असे बरेच जण मानतात. उपमा चपखल आहे.)

आता सरोवरांकडे वळू. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरची सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ऑन्टारिओ ही पाच सरोवरे मिळून सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर पाणी होते. आपल्यासारखे पासष्ट गोवे त्यात मावतील. मिशिगन सरोवर सर्वांत खोल जागी २८१ मीटर आहे. सगळे गोडे पाणी. या पाण्याचा राजा म्हणजे लेक ट्राउट हा मोठा मासा, आणि त्यावर शेकडो कोळी कुटुंबे जगत होती.

ऑन्टारिओ आणि ईरी यांच्यामध्ये नायगाऱ्याचा धबधबा आहे. खालचा मासा वर चढू शकत नाही, ही निसर्गाने घातलेली कडी होती. जहाजांना वर जाता यावे म्हणून १८२९ साली धबधब्याला वळसा घालून वेलंड कालवा खोदला गेला आणि तो पुढे रुंद-खोल करत नेला. त्या कालव्याने जहाजांबरोबर समुद्री लॅम्प्रे वर गेला. हा वामेसारखा दिसणारा, जबडा नसलेला जीव. तोंड म्हणजे दातांची गोल चकती. ती माशाच्या अंगाला चिकटवायची आणि रक्त पीत राहायचे. १९२१ साली तो ईरीत दिसला आणि १९३०च्या दशकात वरच्या सरोवरांत पोचला. पूर्वी वरच्या सरोवरांतून दरवर्षी सुमारे दीड कोटी पौंड लेक ट्राउट निघत असे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रमाण तीन लाख पौंडांवर आले. शंभरातले दोन उरले, म्हणा ना. दोन्ही देशांनी १९५५ साली संयुक्त आयोग नेमला. सुमारे सहा हजार रसायने तपासल्यावर लॅम्प्रेची पिल्ले मारणारे आणि इतर माशांना फारसे न दुखावणारे एक रसायन सापडले, आणि १९५८पासून ते ओढ्यांत सोडायला लागले. लॅम्प्रे आटोक्यात आला. पण मोठा शिकारी मासा तोवर संपला होता.

रिकाम्या घरात उंदीर वाढावेत तसा मग एलवाइफ वाढला. हा हेरिंगच्या कुळातला, दिसायला आपल्या पेडव्यासारखा, मूळ अटलांटिकचा मासा. खाणारे कुणी नाही म्हटल्यावर त्याची संख्या बेसुमार झाली आणि १९६७च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या काठाला मेलेल्या एलवाइफचा खच पडला. शिकागोच्या चौपाट्यांवरून तो यंत्रांनी उचलावा लागला. वासाची कल्पना आपल्याला द्यायला नको. सुक्या बांगड्यांचा वास आपण प्रेमाने सहन करतो, हा तसा नव्हता.

त्याआधी तीन वर्षे, १९६४ साली, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागावर हॉवर्ड टॅनर नावाचे शास्त्रज्ञ नेमले गेले. काहीतरी भव्यदिव्य करून दाखव, असे त्यांना वरिष्ठांनी सांगितले होते. सरकारी नोकरीत हे वाक्य ऐकायला मिळणे म्हणजे भाग्यच. टॅनर आणि त्यांचे सहकारी वेन टोडी यांनी ठरवले की पॅसिफिक महासागराचा सॅमन इथे आणायचा. ओरेगन राज्याने कोहो सॅमनची दहा लाख अंडी दिली. ती उबवून वाढवलेली पिल्ले १९६६च्या वसंतात प्लॅट नदी आणि बेअर क्रीक यांतून सोडली गेली. पुढच्याच वर्षी त्यांच्याहून मोठा चिनूक सॅमनही सोडला. एलवाइफची मेजवानी पुढ्यात असताना कोहो अफाट वेगाने वाढले आणि १९६७च्या शरदात नद्यांकडे परतू लागले. मग जे झाले त्याला तिथे 'कोहोचा ताप' म्हणतात. लोक मिळेल ती होडी घेऊन सरोवरात उतरले. तळ्यात वल्हवायच्या लहान होड्यासुद्धा.

२३ सप्टेंबर १९६७ ला प्लॅटच्या उपसागरात अचानक वादळ उठले. इशारा दिला होता, पण मासे लागत असताना परत कोण फिरतो? शेकडो होड्या पाण्यात होत्या. सात माणसे बुडाली. या सरोवरांच्या हौशी मासेमारीचा इतिहास सांगताना सॅमनचे आकडे सगळे सांगतात, हा सातचा आकडा बहुधा शेवटी येतो. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता त्या माणसांच्या दारात सरकारने दोन वर्षांत एक समुद्र आणून ठेवला होता, आणि त्यात कसे वागायचे हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. आपल्या रापणकारांच्या घरात ते ज्ञान आजोबा देतो. तिथे आजोबाच नव्हते.

अगदीच नव्हते असेही नाही. न्यूयॉर्क राज्यात सेथ ग्रीन (१८१७-१८८८) हे माशांची पैदास करण्याच्या शास्त्राचे जनक मानले जातात. त्यांच्या नावाची एक मांडणी तिथल्या खोल तळ्यांत चालत आली होती. एकाच दोरीच्या शेवटाला जड शिसे आणि वर ठराविक अंतरांवर अनेक आमिषे, म्हणजे वेगवेगळी खोली एकदम चाचपता येते. शिवाय तांब्याची तार ओढणारे होते आणि पोटात शिशाची तार असलेली विणलेली दोरीही होती. ही शिशाची दोरी मला फार आवडली. तिचा रंग दर दहा यार्डांनी बदलतो. "पाच रंग सोड" म्हटले की दीडशे फूट. तोंडाने सांगता येणारे माप, वांवासारखे. पण प्रत्येक माणसासाठी एकच.

खोलीचा प्रश्न नव्या मंडळींनी डाउनरिगर वापरून सोडवला. होडीच्या कडेला हातचक्र, त्यावर पोलादी तार, तारेला आठदहा पौंडांचा शिशाचा गोळा, आणि गोळ्याजवळ चिमट्यात धरलेली गळाची दोरी. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. तार जवळजवळ सरळ खाली जाते, म्हणून चक्रावरचा आकडा हीच साधारण खोली. उरला रुंदीचा प्रश्न. होडीची रुंदी आठ फूट, त्यात दोऱ्या ओढून ओढून किती ओढणार? आणि वरच्या थरातला मासा इंजिनाच्या आवाजाने बाजूला सरकतो. होडी जिथून जाते तिथेच मासा नसतो.

इथे ती फळी येते. प्लेनर बोर्ड ही पाण्यात आडवा उडवलेला पतंग आहे असे समजा. पतंगाला कन्नी बांधतात तशी हिची दोरी अशा कोनात असते की होडी पुढे जाताना पाण्याचा दाब फळीला बाजूला ढकलतो. फळी होडीपासून शंभर-दीडशे फूट दूर, होडीला समांतर धावत राहते आणि तिच्यामागे गळ. ही युक्ती अमेरिकेची नाही. आयर्लंड-स्कॉटलंडच्या तळ्यांत आणि नॉर्वेत ती जुनी आहे. इंग्रजीत तिला 'ऑटर' म्हणत आणि नॉर्वेजियन भाषेत 'ओतर', दोन्हींचा अर्थ पाणमांजर. आपल्या चोडण बेटाच्या कांदळवनात दिसते तेच कूळ. काठावर उभे राहून फळी सोडायची, ती दोरी घेऊन तळ्याच्या मध्यापर्यंत जाते आणि दोरीला डझनभर गळ लटकलेले. चोरून मासे मारणाऱ्यांचे हे इतके लाडके साधन होते की ब्रिटनच्या १९७५च्या सॅमन आणि गोड्या पाण्यातील मासेमारीच्या कायद्यात भाला, फास यांच्याबरोबर या फळीलाही बंदी आहे.

हीच फळी गोव्यात सगळ्यांनी पाहिली आहे, फक्त ओळखलेली नाही. मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलरच्या मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्या मारलेल्या जाड फळ्यांची जोडी टांगलेली असते. तिलाही 'ऑटर बोर्ड'च म्हणतात. जाळ्याच्या तोंडाला दोन बाजूंनी दोन फळ्या, पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून दूर जातात आणि जाळ्याचे तोंड उघडे राहते. १८९०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ही जोडी जाळ्याला लागली. १९७०च्या दशकात रापणकारांनी ज्यांच्याविरुद्ध लढा दिला, ज्यातून १९८०चा मासेमारी नियमन कायदा आला, त्या ट्रॉलरांची ताकद याच दोन फळ्यांत होती. ब्रिटनमध्ये एक गळ ओढणारी फळी बेकायदा आणि जाळे उघडणारी कायदेशीर. यावर मी काही बोलत नाही.

सरोवरांवर फळीचे दोन प्रकार रुळले. एकात दोनतीन फळ्यांची मोठी जोड होडीवरच्या काठीला स्वतंत्र जाड दोरीने बांधतात आणि गळाच्या दोऱ्या तिच्यावरून चिमट्यांनी सरकवतात. दुसरीत वीतभर लांबीची लहान फळी थेट गळाच्या दोरीलाच चिमटतात. भाच्याला हवी ती दुसरी. आणि तिच्यासाठी मोजणीचे रीळ का लागते हे कळायला ईरी सरोवराकडे जावे लागते.

ईरी हे पाचांतले सर्वांत उथळ, सरासरी १९ मीटर. कारखाने आणि शहरे याच्या काठावर दाटलेली. १९६९च्या जूनमध्ये त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीच्या पाण्यावरच्या तेलाने पेट घेतला. १९७० साली माशांत पारा सापडला म्हणून पश्चिम ईरीत वॉलआय धरण्यावर बंदी आली. वॉलआय हा तिथला सर्वांत चविष्ट मानलेला मासा, काचेसारखे चमकणारे डोळे, अंधुक उजेडात शिकार करणारा. १९७२ साली दोन्ही देशांनी पाण्याच्या शुद्धतेचा करार केला, कायदे कडक झाले, आणि त्या दशकाच्या अखेरीपासून वॉलआय इतका परतला की लोक थक्क झाले. मग १९८८ साली जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेला झेब्रा शिंपला सापडला. आपल्या शिनाण्यांचा लांबचा भाऊबंद म्हणा. तो पाणी गाळून गाळून पितो. काही वर्षांत गढूळ ईरी नितळ झाले. प्रदूषणाने जे गेले नव्हते ते नितळपणाने गेले, म्हणजे माशाची बेफिकिरी. माझी समजूत अशी की फळ्यांचा खरा काळ इथून सुरू झाला. होडीची सावली ज्याला दिसते त्याच्यासाठी गळ सावलीबाहेर न्यावा लागतो.

त्याच सुमारास, १९९०च्या दशकात, 'प्रिसिजन ट्रोलिंग' नावाचे पुस्तक या लोकांच्या होडीत आले. पाणबुड्यांनी पाण्याखाली जाऊन प्रत्यक्ष पाहिले की अमुक नकली मासा, अमुक जाडीच्या तंगुसावर, इतके फूट मागे सोडला तर इतके फूट खोल जातो. प्रत्येकाचा आलेख काढला. ट्रोलिंग करणारे त्याला बायबल म्हणत. आलेखाच्या खालच्या रेघेवर सोडलेल्या दोरीचे फूट होते. दोरी मोजता येत नसेल तर पुस्तक निरुपयोगी. तोवर लोक दांडीपासून रिळापर्यंत दोरी ओढून मोजत, किंवा रिळावर दोरी सारखी पसरवणारा कडा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला किती वेळा गेला ते मनात मोजत. आता आकडा दिसायला हवा होता. डाइवाची सीलाइन, शिमानोची टेकोटा, ओकुमाची कनव्हेक्टर ही आकड्यांची रिळे घराघरांत गेली ती या गरजेने.

तर हा काउंटर मोजतो काय? मला दोन महिन्यांत कळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की तो फूट मोजत नाही, वेढे मोजतो. रिळाच्या दांड्याला दात्यांची चाके आणि त्यावर जुन्या टेपरेकॉर्डरला असत तसे आकड्यांचे गोल. कंपनीने आधीच धरून ठेवलेले असते की अमुक जाडीची दोरी काठोकाठ भरली असेल तर एका वेढ्याला इतकी दोरी सुटते. रीळ अर्धे रिकामे असेल तर वेढा लहान होतो, पण चाकाला त्याची खबर नसते. भरलेल्या रिळाचा व्यास ५० मिलिमीटर धरा, कमी भरलेल्याचा ४०. काउंटर दोन्हीकडे १०० दाखवील. दुसऱ्यात बाहेर गेली असेल फक्त ८० फूट. आलेख उघडून बघितला तर गळ अपेक्षेपेक्षा कितीतरी वर तरंगतो आहे, आणि माणूस म्हणतो आज मासा नाही.

बिघडलेल्या काउंटरपेक्षा असा काउंटर घातक, कारण तो गुपचूप चुकतो. म्हणून भाच्याला पहिली गोष्ट सांगितली ती अशी की महागड्या रिळापेक्षा भरलेले रीळ घे. कंपनीने सांगितलेल्या जाडीची दोरी, काठाला जेमतेम दाणाभर जागा सोडून. दोरी तुटत-कापत कमी होते, तेव्हा पुन्हा भरायची. विणलेली बारीक दोरी वापरली तर ती रिळावरून गेल्याने व्यास कमी घटतो, चूक कमी वाढते, पण कंपनीने जर जाड तंगूस धरून हिशेब केला असेल तर तिचे आकडे तिला पुन्हा लावून बघावे लागतात. दुसरी गोष्ट, दोन्ही रिळे एकाच कंपनीची, एकाच आकाराची, एकाच दिवशी एकाच दोरीने भरलेली असावीत. डाव्या फळीवर ७० ला मासा लागला तर उजवीकडेही तेच ७० सोडता यायला हवे. ते खरोखर सत्तर फूट आहे की चौसष्ट, हे माशाला विचारायची गरज पडत नाही. पुस्तकाला मात्र पडते.

दुकानात हातात घेतल्यावर काय पाहायचे? शून्यावर आणायची कळ दाबून सोडली तर तिन्ही आकडे एकदम शून्यावर येतात का, की एखादा अर्ध्यावर लटकतो. हाताने वेढे फिरवताना ९ वरून १० होताना चाक अडखळते का. आकड्यांवरची काच घट्ट बसवलेली आहे का, कारण तिथून पाणी शिरले की आत वाफ धरते आणि सकाळच्या थंडीत, म्हणजे ज्या वेळी मासे लागतात नेमक्या त्याच वेळी, आकडा दिसत नाही. धुताना साधे पाणी ओतावे, नळाचा जोराचा फवारा मारू नये. ओढ धरून ठेवणारा ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो सुरुवातीलाच झटका न देता सुटायला हवा. फळी स्वतःच पाण्यात सतत ओढ देत असते, त्यात मासा लागला आणि ब्रेक चिकटला तर गरी माशाचे तोंड फाडून बाहेर येते. दांडीला चिमटून बसवायचा सुटा काउंटरही मिळतो. त्यात दोरी एका चाकावरून जाते, म्हणून तो वेढ्यांऐवजी दोरी मोजतो. तत्त्वतः उत्तम, पण ओली बारीक दोरी चाकावरून घसरली की तोही फसतो.

फळीबरोबर आणखी एक चूक होते. नकली मासा पाण्याला टेकवून शून्य करायचे, ७० फूट सोडायचे, मग फळी चिमटायची आणि फळीसह आणखी शंभर फूट सोडायचे. काउंटर १७० दाखवतो. वहीत लिहायचे ७०. खोली ठरते ती पहिल्या आकड्याने, दुसऱ्याचा उपयोग फळी किती दूर गेली आणि परत ओढताना ती दांडीजवळ कधी येणार हे कळायला. अनेक जण उत्साहात १७० लिहून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी फळीच्याही मागे १७० सोडून तळातली शेवाळ गोळा करतात. माझ्या भाच्यानेही केली असणार. त्याने कबूल केले नाही.

मोजण्याच्या या सगळ्या सोपस्काराची दुसरी बाजूही ईरीवरच दिसली. सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलंडला वॉलआयच्या बक्षिसी स्पर्धेत पहिल्या आलेल्या जोडीच्या माशांचे वजन संयोजकाला जास्त वाटले. त्याने सगळ्यांसमोर मासा चिरला. आत शिशाचे गोळे निघाले. प्रकरण कोर्टात गेले, २०२३ साली दोघांनी गुन्हा कबूल केला. खोली शोधायला माणसाने शिसे बांधले ते कास्त्रोच्याही आधी, वजन वाढवायला माशाच्या पोटात घातले ते आता.

भाच्याच्या लेक ऑन्टारिओत चिनूक अजून आहे, पण शेजारच्या ह्युरॉनमध्ये २००४च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्याच्यामागून चिनूकची मासेमारीही. शिंपल्यांनी पाणी गाळून टाकले, तळातून वर काही उरले नाही, त्यात खाणारी तोंडे लाखोंनी सोडलेली. बंदरांतली आमिषांची दुकाने, होड्या भाड्याने देणारे लोक उठले. गंमत अशी की एलवाइफ वॉलआयची पिल्ले खात असे. तो गेल्यावर ह्युरॉनच्या सॅगिनॉ उपसागरात वॉलआय पुन्हा भरभरून वाढला. सॅमनसाठी घेतलेली रिळे तिथे आता वॉलआयसाठी चालतात.

भाच्याने शेवटी दोन सारखी रिळे घेतली. एक नवे, एक कुणाचे तरी वापरलेले, पण त्याच आकाराचे. मी सांगितल्याप्रमाणे घराजवळच्या बागेत मोजपट्टीने शंभर फुटांवर खूण केली, दोरीचे टोक कुंपणाला बांधले आणि रीळ हातात धरून मागे मागे चालत गेला. नव्याने १०१ दाखवले. जुन्याने ११९. जुन्यावर आधीच्या मालकाची अर्धीच दोरी शिल्लक होती. ती काढून टाकून नवी भरली, पुन्हा चालत गेला. आता १०३.

"मग काय करू मामा, परत करू?"

"नको," म्हटले. "रिळाच्या बुडाला चिकटपट्टी लाव आणि त्यावर लिहून ठेव, शंभराला एकशेतीन."

त्याने फोटो पाठवला. चिकटपट्टीवर आकडे होते आणि खाली इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, मामाचा वांव.